गवाहेरच्या नावावरची लाल रेघ

आमच्या इजिप्तमधल्या दमन्हूरच्या शाळेत दुसरीच्या वर्गात मुलं अठ्ठावन्न आणि बाकं एकोणीस. एका बाकावर तिघं कोंबली तरी एक उरतंच. उरलेलं ते मूल मिस रावियांच्या टेबलाशी उभं राहून लिहितं, रोज नवं. मिस रावियांची नोकरी एकोणतीस वर्षांची. पोटऱ्यांच्या शिरा सुजलेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. सकाळी वर्गात पाऊल टाकतानाच त्यांचा निम्मा जीव संपलेला असतो. भिंतीपलीकडे चौथीचा वर्ग आहे, तो माझा. भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर माझ्याकडचं पोर त्याच्यासाठी दुआ म्हणतं. म्हणून पुढची हकीकत अर्धी मी कानाने ऐकलेली आहे आणि अर्धी मिस रावियांनीच मला चहा पिताना सांगितली आहे.

फेब्रुवारीत वरून फर्मान आलं. लहान वर्गांत आता सहवाचन करायचं, म्हणजे बाई मोठ्या अक्षरांचं पुस्तक समोर धरणार आणि सगळी मुलं तिच्याबरोबर मोठ्याने वाचणार. त्यानंतर जोड्या पाडून मुलांनी एकमेकांची मुलाखत घ्यायची, उत्तरं कागदावर लिहायची आणि उभं राहून आपल्या मित्राची ओळख वर्गाला करून द्यायची. एका दुपारचं प्रशिक्षण झालं, त्यात चहा संपला. मोठ्या अक्षरांची पुस्तकं काही आली नाहीत.

मिस राविया कुरकुरल्या, पण कामाला लागल्या. आमच्याकडे कामाला लागणारे नेहमी कुरकुरणाऱ्यांतलेच असतात. जुन्या कॅलेंडरची पानं पाठीकडून कोरी असतात. त्यावर त्यांनी जाड पेनने एक गोष्ट लिहिली. शेळी गच्चीवर जाते, गच्चीवर वाळत घातलेली चादर खाते, मग शेजारीण ओरडते. एवढीच गोष्ट. पण ज्यांच्या घरच्या गच्चीवर खरीच शेळी आहे अशी निदान वीस मुलं त्या वर्गात होती. त्यांनी ती अशी काही वाचली की माझी चौथीची पोरं पुस्तक मिटून तिकडेच कान देऊन बसली.

या वाचनात एक नवल घडलं. मुआझ नावाचा एक मुलगा दीड वर्ष वर्गात तोंड उघडत नव्हता. बाप मायक्रोबस चालवतो, आई घरी. हा मुलगा वाचायला उभा केला की नुसता बुटाकडे बघायचा. घोळक्याच्या आवाजात आपला आवाज लपवून तो पहिल्यांदा वाचायला लागला. चौथ्या दिवशी सगळी मुलं दम घ्यायला थांबली तरी हा एकटाच पुढे वाचत गेला. “शेजारीण म्हणाली, माझी चादर.” मग आपण एकटेच वाचतोय हे कळल्यावर तो गप्प झाला. मिस रावियांनी त्या दिवशी मला मधल्या सुट्टीत हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा जरासा सैल झालेला होता. पोरगा रोज ती पानं घरी मागून नेत होता आणि सकाळी घडी न मोडता परत आणत होता.

पुढच्या सोमवारी मुलाखती होत्या. कागदावर पाच प्रश्न. वरून आलेल्या नमुन्यातून मिस रावियांनी ते जसेच्या तसे फळ्यावर उतरवले होते. नाव काय, आवडतं जेवण काय, घरी कोण कोण, काय करायला आवडतं. आणि पाचवा, घरी तुला गोष्ट कोण सांगतं, त्यांचं नाव काय?

मुआझची मुलाखत सुंदुसकडे होती. दोन वेण्यांची, आवाजाने पत्रा वाजवणारी मुलगी. ती कागद धरून उभी राहिली.

“हा माझा मित्र मुआझ. त्याला मोलोखियाची भाजी आवडते, सशाचं मटण घातलेली. घरी आई, बाबा, दोन बहिणी आणि एक कोंबडा. त्याला पतंग उडवायला आवडतं. त्याला गोष्ट आई सांगते. तिचं नाव गवाहेर.”

आणि वर्ग हशाने फुटला.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोराच्या आईचं नाव गल्लीला कळलं की त्या पोराचं नाक गल्लीच्या चिमटीत सापडलं. पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. विचारलं तर तो सांगेल, “आईचं नाव आई.” बाई म्हणजे अमक्याची आई, तमक्याचं घर. मी तरी वेगळा कुठला? माझ्या फोनमध्ये माझी बायको ‘मंडळी’ या नावाने आहे. लग्न होऊन बावीस वर्षं झाली. बाजारात तिला हाक मारायची तर मी माझ्या थोरल्या मुलाच्या नावाने मारतो आणि ती बरोबर वळते.

तर वर्ग हसत होता. मागच्या बाकांवरून “गवाहेर, गवाहेर” सुरू झालं होतं. मुआझ बुटाकडे बघत होता. आणि मिस राविया, ज्यांच्या मनात पोराला वाचवण्यापलीकडे दुसरं काही नव्हतं, त्यांनी तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं.

“सुंदुस, शहाण्या मुली असं चारचौघांत बोलतात का? आण तो कागद इकडे.”

त्यांनी लाल पेन उघडलं, ‘गवाहेर’वर आडवी रेघ ओढली, वर लिहिलं ‘मुआझची आई’ आणि कागद मुआझच्या हातात दिला. “झालं. आता कुणी हसायचं नाही.”

हसणं थांबलं. पण काय झाकायचं असतं ते अठ्ठावन्न मुलांना आता बाईंनीच सांगून टाकलं होतं.

शाळा सुटली तेव्हा फाटकाबाहेर मुआझभोवती रिंगण पडलं. “ए गवाहेरच्या, गवाहेरला सांग उसळीचं सँडविच पाठव.” मुआझने एकाला ढकललं, दुसऱ्याने त्याला ढकललं, ओठ फुटला. संध्याकाळी बापाला कळलं. दुसऱ्या दिवशी तो मायक्रोबस फाटकातच आडवी लावून आत आला. प्रवासी खिडकीतून माना काढून बघत होते.

“आम्ही पोराला अक्षरं शिकायला पाठवतो, बाई, घरातल्या बाईमाणसाची जाहिरात करायला नाही,” तो म्हणाला. “सप्टेंबरात दुसऱ्या शाळेत घालीन. तोवर घरी बसेल.”

मिस रावियांनी माफी मागितली. तो थांबला नाही. सप्टेंबर म्हणजे सात महिने. सात महिन्यांत सात वर्षांचं पोर काय काय विसरतं ते आम्हा शिक्षकांना विचारा. आणि याचं तर वाचन नुकतं कुठे उगवलं होतं.

बाकावरची त्याची जागा त्याच तासाला भरली. टेबलाशी उभं राहणारं मूल तिथे जाऊन बसलं. मिस राविया रोज हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजर लिहीत होत्या. “मी काय करू?” त्या मला म्हणाल्या. “सत्तावन्न उरलेत ना शिकवायला.” मी मान हलवली. थकलेल्या माणसाला दुसऱ्या थकलेल्या माणसाची मान पुरते.

त्याच गुरुवारी त्यांच्या मुलाने, हाझिमने, लग्नाच्या पत्रिका छापून आणल्या. हाझिम पाणीपुरवठ्यात इंजिनियर. पत्रिकेवर सोनेरी वेलबुट्टी होती. स्वर्गवासी बापाचं नाव होतं, मुलीच्या बापाचं होतं, दोन काकांची होती. खाली होतं, ‘वराच्या मातोश्री आणि वधूच्या मातोश्री आपली वाट पाहत आहेत.’

मिस रावियांनी पत्रिका उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

“छान झालीय,” त्या म्हणाल्या.

“माझं नाव नाही,” असं त्यांच्या ओठांवर आलंही नाही. ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. हाझिम पहिलीत जायच्या वयाचा झाला तेव्हा त्याला आपल्या शाळेत घालायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. आपल्या शाळेत घातला तर सगळ्यांना कळणार की याची आई म्हणजे मिस राविया. म्हणून पोराला रोज दोन मैल लांबच्या शाळेत पाठवलं. तेरा वर्षांत एकदाही त्या त्याच्या शाळेच्या फाटकाशी गेल्या नाहीत. पोरगा सुखाने शिकला. त्यांना वाटायचं आपण त्याच्यावर केवढे उपकार केले.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची. रविवारी मधल्या सुट्टीत एक बाई वर्गाच्या दारात आली. काळी पायघोळ अबाया, बाहीला पीठ लागलेलं, हातात प्लास्टिकची पिशवी.

“मिस राविया तुम्हीच ना?”

“हो. आपण?”

“मी मुआझची आई.” मग ती थांबली. “म्हणजे, तुम्ही ज्या नावावर रेघ मारली ती मी.”

मिस रावियांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. पिशवीतून तिने घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो सुंदुसचा मुलाखतीचा कागद होता. सुंदुसच्या मोठ्या वाकड्या अक्षरात सगळं होतं, पण ‘गवाहेर’ हा शब्द मात्र वेगळ्या हाताचा होता. बारीक, दाबून लिहिलेला. त्यावर लाल रेघ.

“हे माझ्या मुआझचं अक्षर,” ती म्हणाली. “त्या मुलीला माझं नाव लिहिता येईना, म्हणून याने कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहिलं. त्याला ते लिहिता येतं, कारण आम्ही घरी शिकलोय. दोघं मिळून.”

“दोघं?”

“मला अक्षर येत नव्हतं, मिस. हा तुमची शेळीची पानं घरी आणायचा. मी भाकरीचं पीठ मळायची आणि हा समोर बसून वाचायचा. मी त्याच्या बोटामागे वाचायची. शेळीतला शेवटचा शब्दसुद्धा मला येतो आता. मग एके दिवशी तो म्हणाला, आई, तुझं नाव कसं दिसतं ते बघायचंय? आणि परातीतल्या पिठावर बोटाने काढून दाखवलं. चौतीस वर्षांची आहे मी. माझं नाव कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. ओळखपत्रावर आहे म्हणे, पण ते तर नवऱ्याच्या पाकिटात असतं.”

मिस रावियांनी कागद जवळ ओढला.

“मी त्या दिवशी ते पीठ भाजलंच नाही. नवरा म्हणाला, आज भाकरी उशिरा का? मी म्हटलं, पीठ फुगत नाहीये.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “मग सोमवारी पोरगा हा कागद घेऊन आला. ओठातून रक्त येत होतं. मला म्हणाला, आई, तुझ्या नावात काय वाईट आहे? मिसने रेघ मारली, म्हणजे चुकलं ना? आता याला काय सांगू, तुम्हीच सांगा. मी अडाणी बाई.”

“मी त्याला वाचवायला गेले, मुआझच्या आई,” मिस राविया हळूच म्हणाल्या. “मुलं हसत होती.”

“मुलं हसणारच. त्यांना कुणी सांगितलंय हसू नका म्हणून? घरी सांगत नाही, गल्लीत सांगत नाही. मी म्हटलं, शाळेत तरी सांगतील. तुम्ही हसणाऱ्यांना काही बोलला नाहीत. तुम्ही माझ्यावर रेघ मारलीत. चोरी मी केली होती का, मिस? याच्यासाठी मी पोट फाडून घेतलंय. त्याच्या तापात रात्री मी काढल्या. आणि शेवटी त्याची मान खाली कशाने गेली, तर माझ्या नावाने. अशी काय घाण आहे मी?”

मी दारात उभा होतो, मधल्या सुट्टीतला चहा देण्याच्या निमित्ताने. दोन्ही पेले हातात तसेच राहिले.

“आणि त्याचे वडील?” मिस रावियांनी विचारलं.

“त्याचं काय घेऊन बसलात. त्याच्या फोनमध्ये मी ‘पंक्चरवाला’ आहे. गाडीत प्रवासी बसलेले असतात ना, त्यांना बाईचं नाव दिसू नये. मी फोन केला की शेजारी बसलेला ओरडतो, उस्ताद, पंक्चरवाल्याचा फोन. माझ्या पोरीला शाळेत घ्यायला जा म्हणून सांगायला मी पंक्चरवाला होऊन फोन करते.” तिने डोळे पुसले. “त्याला मी बघते. पण पोराला परत पाठवायचं तर या वर्गाचं काय ते तुम्ही बघा.”

ती निघाली तेव्हा मिस राविया तिच्यामागे दारापर्यंत गेल्या. त्यांनी तिला हाक मारली. आधी तोंडून “मुआझच्या...” निघालं. मग त्या थांबल्या.

“गवाहेर,” त्या म्हणाल्या. “उद्या त्याला पाठव.”

ती वळली. तिच्याकडे याआधी कुणी परक्याने असं पाहून हे नाव उच्चारलं असेल का, मला शंका आहे.

त्या दुपारी मिस राविया चहा न पिता बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, “माझी आई गेली तेव्हा मशिदीच्या भोंग्यावरून काय पुकारलं आठवतंय? उस्ताद अब्दुलमुनइमची सासू, हाजी फलाण्याची विधवा, अमक्यातमक्यांची आई. चार वेळा पुकारलं. आणि तिची लहानपणाची मैत्रीण पुढच्या गल्लीत राहायची, तिला कळलंच नाही कोण गेलं ते. तीन दिवसांनी आली. रडत म्हणाली, तफीदा गेली आणि मला कुणी सांगितलं नाही.” त्यांनी गार चहाचा पेला बाजूला सरकवला. “तफीदा हे नाव मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मीही घेतलं नाही.”

सोमवारी मुआझ आला. बुटाकडे बघत आला. वर्गात कुजबुज उठलीच. मिस रावियांनी त्याला टेबलाशी उभं राहणाऱ्या मुलाच्या जागी उभं केलं आणि त्याच्या हातात प्रश्नांचा कागद दिला.

“आज तू माझी मुलाखत घ्यायची. मोठ्याने विचार.”

मी माझ्या वर्गाला गणितं लिहायला लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू.

नाव विचारून झालं. जेवण विचारून झालं, मिस रावियांना कोशरी आवडतो, जास्त तिखट घातलेला, यावर मुलं खूष झाली. घरी कोण, काय करायला आवडतं. “झोपायला,” त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. मग मुआझचा आवाज अडखळला. पाचवा प्रश्न.

“विचार ना,” मिस राविया म्हणाल्या.

“लहानपणी तुम्हाला गोष्ट कोण सांगायचं? त्यांचं नाव काय?”

“माझी आई सांगायची. तिचं नाव तफीदा.”

मागच्या बाकावर एक हसू फुटायला लागलं. मिस राविया तिकडे गेल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘तफीदा’ लिहिलं.

“मागच्या सोमवारी मी एक चूक केली,” त्या वर्गाला म्हणाल्या. “एका चांगल्या नावावर लाल रेघ मारली. लाल रेघ चुकलेल्या शब्दावर मारतात. ते नाव चुकलेलं नव्हतं, मी चुकले होते. आता ते नाव मी नीट लिहिते.” आणि खाली त्यांनी लिहिलं, ‘गवाहेर.’

मग नवं कॅलेंडरचं पान काढलं. ज्याला आपल्या आईचं नाव लिहायचंय त्याने पुढे यावं, म्हणाल्या. जबरदस्ती नाही. सुंदुस आधी धावली, ते सांगायलाच नको. मग शेळीवाली मुलं. मग मागच्या बाकावरचा तो हसणारा, कान लाल करून. अकरा मुलं आली नाहीत. चौघांना आईचं नावच माहीत नव्हतं, ती दुसऱ्या दिवशी विचारून आली.

आणि मग सहवाचन सुरू झालं! मिस राविया पट्टी शब्दाखाली धरत होत्या आणि अख्खा वर्ग वाचत होता. “तफीदा. गवाहेर. इन्शिराह. सनिया. बासिमा. नगाह.” मुलांच्या आवाजात अनोळखी वाटणारी ही नावं आमच्याच घरांतली होती. माझ्या वर्गातली पोरं गणितं सोडून ऐकत होती. एकाने मला विचारलं, “सर, हे कोण आहेत सगळे?” “आया आहेत,” मी म्हणालो.

मुख्याध्यापकांकडे दोन तक्रारी आल्या. मिस रावियांनी दोन्ही ऐकून घेतल्या आणि पान भिंतीवरून काढलं नाही. मुआझचा बाप त्या आठवड्यात भांडायला पुन्हा आला नाही. फक्त पोराला सोडताना तो एकदा खिडकीपाशी थांबला, भिंतीवरचं पान बघितलं, आणि हॉर्न वाजवून निघून गेला. त्याच्या फोनमध्ये काय बदललं ते मला माहीत नाही. मुआझ मात्र आता बुटाकडे बघून नाही, पानाकडे बघून वाचतो.

शुक्रवारी नमाजानंतर हाझिम घरी आला, तेव्हा आई टेबलाशी बसलेली होती. समोर पत्रिकांचा गठ्ठा, हातात शाळेचं लाल पेन. ‘वराच्या मातोश्री’ या शब्दांनंतर ती प्रत्येक पत्रिकेवर हाताने लिहीत होती, ‘राविया.’ साठ पत्रिका झाल्या होत्या, मनगट दुखत होतं.

“आई, हे काय? लोक हसतील.”

“हसू देत. त्यांना शिकवायला मी आहे.” तिने मान वर केली नाही. “तुला दोन मैल लांब शाळेत पाठवलं, ती माझी चूक होती. तू लाजायला माझ्याकडूनच शिकलास. आता मीच शिकवते. बस.”

तो शेवटी खुर्ची ओढून बसला, दुसरं पेन घेतलं आणि पहिल्या पत्रिकेवर ‘वधूच्या मातोश्री’पाशी येऊन थांबला. दीड वर्ष तो वधूच्या घरी जेवत होता. होणाऱ्या सासूच्या हातचं बदक त्याने मिटक्या मारत खाल्लं होतं. त्याने होणाऱ्या बायकोला, रीहामला, फोन लावला.

“रीहाम, तुझ्या आईचं नाव काय गं?”

तिने सांगितलं, आणि त्याने ते लिहिलं.

मित्रांनो, आपण मुलांना अक्षर शिकवतो ते जग वाचता यावं म्हणून, आणि ज्या बाईने त्यांना बोलायला शिकवलं तिचंच नाव त्यांच्यापासून लपवतो. आईच्या नावाची लाज वाटणारं मूल उद्या बायकोच्या नावाची लाज वाटणारा नवरा होतं, आणि परवा आपल्या मुलीचं नाव ठेवून ते झाकून ठेवणारा बाप. लाज नावात नसते. ती आपण शिकवलेली असते, म्हणून ती आपल्यालाच पुसावी लागते, आणि ते काम दमलेल्या माणसांनाच करावं लागतं, कारण ताजीतवानी माणसं कुठे असतात कुणास ठाऊक.

हे लिहायला बसण्याआधी मी माझा फोन उघडला. ‘मंडळी’ काढून टाकलं आणि तिथे लिहिलं, ‘अझीझा.’ दुपारी फोन वाजला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तो टेबलावर सगळ्यांसमोर पडलेला होता. मी तो उलटा केला नाही.